शनिवारची हजेरी

चीता कॅम्पात मनपा शाळेच्या मागे एक खोली आहे,
पूर्वी तिथे सुकडीची पोती असायची.
आता मी असते, शनिवारी, चार ते सहा.
जामिनावरची मुलं येतात,
कार्डावर माझी सही घेतात, जातात.
मंडळाच्या कागदात याला म्हणतात देखरेख.
मुलं म्हणतात, मॅडमचा शनी.

मी विचारते, जेवलास का,
कामाला जातोस का,
त्या पोरांत पुन्हा बसत नाहीस ना?
ते सांगतात, हो. हो. नाही.
शेवटचं सांगताना नजर पंख्याकडे.

मार्चमध्ये कार्डं एकत्र लावली, तेव्हा
मुरुगेशच्या कार्डावर तेरा शनिवार, तेरा सह्या,
त्यातल्या सहा मी केलेल्याच नव्हत्या.
मला कळलं कसं?
त्या सहा जास्त चांगल्या होत्या.

चार वर्षं झाली, अंगठ्याच्या बुडाशी कळ आहे,
तांडेलमधला ल रेषेखाली घसरतो.
त्या सहांमध्ये ल ताठ उभा,
नोकरी लागली त्या वर्षी असायचा तसा,
नवी पर्स, नवा पेन,
आणि बाबा ट्रॉम्बेच्या जेटीवर
येईल त्याला सांगत सुटलेले, पोरगी साहेब झाली.

इतर कार्डंही उलटली. एकतीस निघाल्या.
दर वीस रुपये.
नाव कुणी सांगितलं नाही, सांगायची गरजही नव्हती.
नौशाद. वय सोळा पूर्ण.
त्याचा बाप नंबरप्लेटी रंगवायचा
फाटकाजवळ, छत्रीखाली, स्टुलावर.
मग ठशाच्या सरकारी प्लेटी आल्या,
आणि ब्रश पोराकडे आले.
पोराने रंगवल्या त्या दोन स्कूटरच्या प्लेटी.
स्कूटर दुसऱ्यांच्या होत्या.

मी दार लावलं. कोरा कागद पुढे सरकवला.
कर, म्हटलं, माझ्यासमोर कर.
त्याने पेन उचललं, थांबला.
जुनी की हल्लीची?
हल्लीची कर.
हल्लीची मी करत नाही मॅडम, म्हणाला.
ती करताना कळतं, तुमचा हात दुखतोय.

यावर काय बोलायचं असतं,
ते आम्हाला प्रशिक्षणात शिकवलेलं नाही.

एकतीस सह्या मी लाल शाईने खोडल्या,
प्रत्येकीखाली तारीख, प्रत्येकीखाली ल, घसरलेला.
कागद मंडळाकडे गेला.
पोरांना तीन-तीन महिने वाढले.
मुरुगेशने मला तमिळमध्ये एक शब्द ऐकवला,
अर्थ त्याच्या आईच्या चेहऱ्यावरून कळला.
तो दोन शनिवार आला नाही.
तिसऱ्याला मी त्याच्या गल्लीत गेले.
तो पाण्याच्या ड्रमवर बसून इडली खात होता.
आईने मलाही एक वाढली, न विचारता.
आम्ही दोघं न बोलता खाल्लं.
चौथ्याला तो आला, सर्वांत आधी, आणि भांडला.

नौशादला मी खोलीची पाटी रंगवायला दिली.
रंग माझा, ब्रश बापाचे.
मुख्याध्यापक म्हणाले, बाई, याच्याकडून?
म्हटलं, याच्याकडूनच. अक्षर बघितलंय मी.

देख लिहून झालं, तेव्हा तो मागे सरला,
एक डोळा मिटून बघितलं.
देख म्हणजे बघणं, म्हणाला. रेख म्हणजे?
रेघ, म्हटलं. ओढलेली.
कुणी ओढलेली?
मी म्हटलं, संध्याकाळ झाली, ब्रश धू.

त्याला आज तीन आठवडे.
देख वाळून आता धूळ धरतंय,
पुढची जागा कोरी, खडूने आखलेली,
चार अक्षरांच्या हिशोबाने.
घरी कुलूप आहे. शेजारीण सांगते, भिवंडीला गेले,
दुसरी सांगते, इथेच कुठे तरी आहेत.

पावणेसहा झालेत. मुरुगेश कार्ड पुढे करतो.
जेवलास का.
हो.
मी सही करते, सावकाश.
ल घसरतो, तसा घसरू देते.
डबा उघडाच आहे, रंगावर साय धरलीय.
मुरुगेश जात नाही. दारात उभा राहून
गल्लीच्या तोंडाकडे बघत बसलाय.